कवळी टोचणाऱ्यांनी यावे

दि. ४ जून

तुझी कवळी टोचते. डाव्या बाजूला, खाली, शेवटून दुसऱ्या दाताखाली. वरची तर बोलताना सुटते. काल दारातून पोस्टमनला "थांब" म्हणून हाक मारली, तर हाकेबरोबर वरची बत्तीशी पुढे आली आणि तो बिचारा दोन पावलं मागे सरकला. दुकानातून आणली असती तर तोंडावर फेकून आले असते. नातीच्या हातची म्हणून घालते, तीही रोज तासभर. बाकीचा वेळ ती वाटीतल्या पाण्यात बसून मला हसते.

मुंगे, अनेक आशीर्वाद.

फोन का करत नाहीस असं विचारू नकोस. फोनवर तू "हो आजी, हो आजी" करतेस आणि मागे तुझं ते कवळ्या घासायचं यंत्र घरघरतं. कागदावर लिहिलं की तुला दोनदा वाचावं लागतं, कारण माझं अक्षरच तसं आहे.

इकडची खबर. तळ्याला कुंपण घातलं. बदकं खुशाल बाहेर येतात, माणसांना आत जाता येत नाही. मैदानावर नवीन गवत लावलं आणि "गवतावर चालू नये" अशी पाटी ठोकली, तेव्हा फुटबॉल शिकवणारे आपले शिट्टीवाले सर पोरांना रस्त्यावर पळवतात. वाचनालयाचं सभागृह गळतंय, म्हणून सगळे कार्यक्रम शाळेच्या जेवणाच्या खोलीत. बासरी ऐकताना समोर भांडी घासायचं वेळापत्रक दिसतं. हे सगळं तुला आपल्या छापखान्याच्या महिन्याच्या पत्रकात मिळालंच असेल. पण पत्रक तुझा बाप लिहितो, त्यामुळे त्यात कोणी भांडत नाही.

छापखान्यात नवीन टायपिंगवाली आली आहे. हुशार आहे, पण भोचक. मला प्रूफं तपासताना बघून म्हणते कशी, "या आजी किती शिकल्यात?" तुझा बाप म्हणाला, "दुसरी." तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग त्याने सांगितलं, शिकलेली माणसं अर्थ वाचतात आणि अक्षरं गिळतात. आई एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचते, अर्थाशी तिला देणंघेणं नाही, म्हणून एकतीस वर्षांत आपल्या पत्रकात चूक नाही. मी मान हलवली. कौतुक होतं की टोमणा, ते अजून ठरत नाही.

दर एक तारखेला तुझं पाकीट तो स्वतः चिकटवतो. पत्ता पट्टी लावून लिहितो. दोन वर्षं झाली. तू त्याला एक ओळ लिहीत नाहीस, तो तुला एक ओळ लिहीत नाही आणि मी मध्ये बसून दोघांची तोंडं बघते. कधी येतेस? कोणी मुलगाबिलगा बघितला असशील आणि लपवत असशील तर तसं कळव. ओरडणार नाही. थोडी ओरडेन.

तुझी आजी


दि. ११ जून

प्रिय आजी,
सा. न.

कवळी वाटीत ठेवलीस तर ती वाटीचीच होणार. दिवसभर घालायची. पहिले पंधरा दिवस मऊ खायचं आणि दोन्ही बाजूंनी चावायचं. आणि रोज मोठ्याने वाचायचं, जिभेला वरची कवळी धरून ठेवायची सवय लागते. वाचायला तुझ्याकडे प्रूफं आहेतच. टोचतं तिथे बोट ठेवून आपल्या दातवाल्या डॉक्टरांना दाखव. ते पाच मिनिटांत घासून देतील. स्वतः कानशीने घासायला जाऊ नकोस, तुला ओळखते मी.

तुझ्या तोंडाचा प्लास्टरचा साचा माझ्या टेबलावर आहे. काम झालं की साचा टाकून द्यायचा असतो. मी टाकला नाही. आमच्या मॅडम विचारतात, हा कोणाचा गं? मी सांगते, माझी आजी, न बोलणारी एवढीच मिळते.

मुलगाबिलगा कोणी नाही. सकाळी नऊ ते सहा मी मेणात दात बसवते. ज्यांचे दात, ती माणसं कधी दिसत नाहीत. डॉक्टरांकडून साचा येतो, इकडून कवळी जाते. मग घरी येऊन भात लावते आणि झोपते. लपवण्यासारखं काही असतं तर किती बरं झालं असतं.

राहिले बाबा. तू तेव्हा स्वयंपाकघरात होतीस, तुला सगळं ऐकू गेलंय. मी छापखाना सोडून हे शिकायला निघाले तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्यांच्या तोंडात हात घालायचा धंदा." मी म्हटलं, "आणि तुमचं पत्रक? लोक फळीवर अंथरतात ते." दोघंही एकेकच वाक्य बोललो. तेवढं पुरलं.

त्यांचं पाकीट आलं की मी चारी पानं उलटीपालटी करते. कुठे कोपऱ्यात पेन्सिलीने काही लिहिलंय का, एखादा शब्द, नुसतं "बरी आहेस ना". नसतं. त्यांना मी यायला हवी असेन तर ते बोलावतील. न बोलावता मी येणार नाही. हट्ट कोणाकडून आलाय ते तुला माहीत आहे.

तुझी
मुंगी


दि. १६ जून

हट्ट माझ्याकडून गेला असेल तर तो अक्कल घेऊन गेला होता. तुझ्याकडे पोचेपर्यंत अक्कल वाटेत कुठेतरी उतरली.

अनेक आशीर्वाद. डॉक्टरांनी घासून दिली, टोचणं निम्मं झालं. आता मी प्रूफं मोठ्याने वाचते. "सार्वजनिक स्वच्छता" म्हणताना जी शिट्टी वाजली, ती ऐकून तुझा बाप यंत्रामागे तोंड लपवून हसला. त्याला हसताना बघून टायपिंगवालीने मला विचारलं, "साहेबांना बरं नाही का?"

आता बस आणि ऐक. हे मी तुला सांगायचं नाही असं ठरलंय, तेव्हा मी सांगितलं नाही असं समज.

एक. तू फळीचं बोललीस आणि गेलीस. दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर पत्रकं टाकायला स्वतः जायला लागला. जाईल तिथे पाणी मागायचा आणि स्वयंपाकघरात डोकवायचा. शिवणक्लासवालीने मला विचारलं, "छापखानेवाले आमच्या फळ्या का बघतात हो?" अकरा घरं बघून आला आणि त्या दिवशी न जेवता उठला. तुझं वाक्य त्याच्या किती आत गेलं ते मला त्या ताटावरून कळलं.

दोन. ऑगस्टचा अंक शेवटचा. रहिवाशांच्या समितीने ठरवलंय, आता सगळ्या सूचना मोबाइलवर. यंत्रही म्हातारं झालंय. म्हणजे ऑगस्टनंतर तुला पाकीटही येणार नाही. मग कोणाची पानं उलटीपालटी करशील?

तीन. पेन्सिलीने लिहिलेलं शोधतेस म्हणे! अगं, छापलेलं वाच की. मागच्या पानावर, होणाऱ्या कार्यक्रमांखाली, उजव्या कोपऱ्यात चौकट असते. जंक्शनवरून इकडे येणाऱ्या बसच्या वेळा. इकडून जंक्शनला जाणाऱ्या नव्हेत, तिकडून इकडे येणाऱ्या. इथे राहणाऱ्या माणसाला त्यांचा काय उपयोग? मी दोन वर्षं त्या आकड्यांवर बोट फिरवते आहे आणि मलाही परवापर्यंत कळलं नाही. अर्थ वाचत नाही ना मी. टायपिंगवाली म्हणाली, "ही चौकट काढली तर शिंप्याची जाहिरात बसेल." तर शांत माणूस तिच्या अंगावर आला. "ती चौकट हलणार नाही."

आमच्या गावात जंक्शनवरून कोण येतं गं, तुझ्याशिवाय?

आजी


दि. २२ जून

प्रिय आजी,

सगळे अंक काढले. दोन वर्षांचे आहेत, एकही टाकलेला नाही. आज रविवार, म्हणून आमच्या कवळ्यांच्या कारखान्याची किल्ली मागून घेतली आणि मोठ्या टेबलावर मागचं पान वर करून ओळीने मांडले. प्रत्येकात चौकट आहे. पहिल्या अंकात रविवारची सकाळची बस ८.५५ ची आहे. मधे वेळ बदलली, तर पुढच्याच अंकात ८.४०. एका महिन्यात खाली बारीक अक्षरात आहे, "थांब्यावर आता बसायला बाक आहे." आजी, बाकाची बातमी पुढच्या पानावर असते. वेळापत्रकाखाली नसते.

मॅडम हिशेबाला म्हणून आल्या होत्या. त्यांनी विचारलं, डोळ्यांत प्लास्टर गेलं का. मी हो म्हटलं.

पण आजी, बसची वेळ सांगणं म्हणजे "ये" म्हणणं नव्हे. मी आले आणि त्यांनी नुसतं वर बघून "हं" केलं तर? त्यांचं ते "हं" तू रोज ऐकतेस, तुला सवय आहे. मी दोन दिवस बैठकीत पाहुण्यासारखी बसू आणि परत येऊ? कशासाठी आले असं कोणी विचारलं तर काय सांगू? काहीतरी कारण हवं. मला बोलावलंय असं एका वाक्यात तरी हवं.

मुंगी


दि. ३ जुलै

जुलैचा अंक तुला अजून मिळाला नसेल तर आधी माझ्यावर चिडायला बस, मग वाच.

तुला एक वाक्य हवं होतं ना? घातलं. शेवटचं प्रूफ माझ्याकडे होतं. मी चष्मा पुसला आणि होणाऱ्या कार्यक्रमांच्या शेवटी माझ्या अक्षरात लिहिलं: "रविवार दि. २७ जुलै, सकाळी दहा वाजता, छापखान्याच्या पुढच्या खोलीत. कवळी टोचणाऱ्यांनी यावे. विनामूल्य. करणारी: छापखानेवाल्यांची मुलगी." टायपिंगवाली म्हणाली, "आजी, हे साहेबांना विचारलंय का?" मी म्हटलं, "मी प्रूफ तपासते की तू?" तिने निमूट बसवलं. बाराशे प्रती निघाल्या आणि एक तारखेला घरोघर गेल्यासुद्धा.

आता तुझ्या बापाचा नियम तुला माहीत आहे. मागच्या पानावर छापलं ते झालंच पाहिजे. तू शाळेत होतीस तेव्हा बासरीचा कार्यक्रम गुरुवारचा होता आणि ज्याने चिठ्ठी आणून दिली त्याने मंगळवार लिहिला होता. चूक त्याची. तरी तुझ्या बापाने बासरीवाल्याला मंगळवारीही बोलावलं आणि तू, मी, तुझी आई, अशा तिघींनीच रिकाम्या सभागृहात बसून टाळ्या वाजवल्या. तुझी आई जायच्या आधीचं ते वर्ष. ती हसून हसून बेजार झाली होती.

दोन तारखेला सकाळी शिट्टीवाले सर दारात. "छापखानेवाले, मुलीकडे माझा नंबर पहिला लावा, शिट्टी धरली की माझी कवळी निसटते." तुझ्या बापाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. तो म्हणाला, "दहाला या." मग केरसुणी घेतली आणि पुढची खोली झाडायला लागला. एकतीस वर्षांची कात्रणं त्या खोलीत आहेत. काल दुपारपर्यंत एक कोपरा झाला.

आता ये नाहीतर येऊ नकोस. नाही आलीस तर शेवटच्या अंकात त्याला पहिली चूक छापावी लागेल, एवढंच.

आजी


दि. ९ जुलै

आजी, हे तू काय करून ठेवलंस?

मी डॉक्टर नाही! मी कवळ्या बनवते. माणसाच्या तोंडात बघायचा, हिरडीला हात लावायचा मला परवाना नाही. कायद्याने मनाई आहे. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला जखम झाली तर काय तोंड दाखवू? मी जन्मात कोणाच्या तोंडात हात घातलेला नाही, बाबा ते वाक्य बोलले तेव्हाही घातलेला नव्हता, आणि आता तू मला गावासमोर तेच करायला बसवते आहेस.

मला यायचं होतं गं. पाकीट उघडलं आणि ते वाचलं तेव्हा अर्धा मिनिट खूप बरं वाटलं. "छापखानेवाल्यांची मुलगी." मग लक्षात आलं की हे बाबांचं वाक्य नाही, तुझं आहे. त्यांना गळ्यात पडलेलं आहे. त्यांना मी नको असले तरी आता ते झाडूनपुसून खोली तयार करतील, कारण छापलंय म्हणून.

त्यांना सांग, चूक झाली असं छापा. दोष माझ्यावर टाका. मी येऊ शकत नाही.

मुंगी


दि. १५ जुलै

माझं चुकलं. हे वाक्य पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा कापून ठेव.

तुझं पत्र घेऊन सरळ छापखान्यात गेले. म्हटलं, "मुंगी डॉक्टर नाही."

तो म्हणाला, "मला माहीत आहे."

"मग ती येऊन करणार काय?"

"आपले दातवाले डॉक्टर येऊन बसणार आहेत. तोंड ते बघतील. कवळी घासायची, दुरुस्त करायची, ते ती बाजूच्या टेबलावर करील. तिच्या मॅडमनाही फोन करून विचारलंय, असं चालतं."

"डॉक्टरांना कधी सांगितलंस?"

"तीस तारखेला."

मी बोटं मोजली. तीस जूनला अंक छापलाच नव्हता. एक तारखेच्या पहाटे यंत्र चालू झालं. मी म्हटलं, "तुला माझी ओळ दिसली होती?"

"जुळणी यंत्रावर चढवण्याआधी मीही एकदा वाचतो. एकतीस वर्षं वाचतो."

"आणि तरी यंत्र चालू केलंस?"

तर म्हणतो, "तू तपासलं होतंस ना. मला वाटलं, बरोबर असेल."

बघ. म्हणजे मी त्याला फसवलं असं समजून दोन आठवडे मान ताठ करून फिरत होते आणि तो मला फिरू देत होता. पोटच्या पोराने. माझा इतका संताप झाला की मी कवळी काढून बोलले.

तुला त्याचं वाक्य हवं होतं. टोपलीत चुरगळलेले पाच कागद सापडले. सगळ्यांची सुरुवात "चि. मुंगीस" आणि पुढे काही नाही. पाचव्यावर मात्र आहे. त्याला नोटिशीशिवाय लिहिताच येत नाही, त्याला तो तरी काय करणार? इस्त्री फिरवून पाठवते आहे. त्याला पत्ता लागू देऊ नकोस.

आजी

(सोबतचा कागद)

जाहीर सूचना

कळविण्यात येते की रविवार दि. २७ रोजी सकाळी ८.४० च्या बसने येणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना उतरवून घेण्यासाठी एक इसम थांब्यावर हजर राहील. सामान जड असल्यास सदर इसम उचलील. बाईंची खोली पूर्वी होती तशीच आहे. दोन वर्षांपूर्वी सदर इसमाने जे उद्गार काढले ते


दि. १९ जुलै

आजी,

येते. शनिवारी निघते, सोमवारची रजा घेतली आहे. मॅडमनी घासायचं छोटं यंत्र दिलंय आणि म्हणाल्या, वडिलांचा फोन आला होता, किती हळू बोलतात गं ते.

पंचवीस तीस वाट्या लागतील, प्रत्येक वाटीवर नावाची चिठ्ठी चिकटव. विसरू नकोस. हे फार महत्त्वाचं आहे.

कागद मी परत पाठवत नाही. "तंत्रज्ञ बाई" आजपर्यंत मला कोणी म्हटलेलं नाही.

मुंगी


दि. ३१ जुलै

प्रिय आजी,
सा. न.

नीट पोचले. बस मिळाली, गाडी मिळाली, खिडकी मिळाली. तू दिलेला पाव जंक्शनच्या आधीच संपला.

तिथे होते तेव्हा तू सारखी विचारत होतीस, थांब्यावर काय झालं, आणि मी सारखी सांगत नव्हते. बाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे म्हणून. आता सांगते.

बस थांबली तेव्हा ते बाकावर बसले नव्हते, बाकाशेजारी उभे होते. इस्त्रीचा शर्ट. मला बघून घड्याळ बघितलं.

"चार मिनिटं उशीर," ते म्हणाले.

"फाटक बंद होतं," मी म्हटलं.

"हं."

आजी, तेच "हं", ज्याला मी भीत होते. पण ते म्हणताना त्यांनी माझी पिशवी घेतली आणि ती त्यांच्या हातातून जवळजवळ सुटलीच. "यात काय, दगड आहेत?" मी म्हटलं, "प्लास्टर." पुढे औषधाचं दुकान ओलांडल्यावर ते समोर बघतच म्हणाले, "अकरा घरं बघितली मी."

मला वाटलं, आता. मी म्हटलं, "बाबा, ते मी रागात बोलले."

"ऐक तर. अकराही घरांत अंथरलेलं होतं. पण सगळ्यांनी मागचं पान वर ठेवलं होतं, तारखा दिसाव्यात म्हणून. शिवणक्लासवालीने तर डबे बाजूला सरकवून ठेवले होते, तारखांवर येऊ नयेत म्हणून. सकाळी चहाची बरणी काढली की तारीख दिसते, म्हणाली. मी इतकी वर्षं छापतो, ते कुठे वाचतात मला माहीत नव्हतं. तुझ्यामुळे कळलं."

"मग त्या दिवशी जेवला का नाहीत? आजी म्हणाली..."

"अकरा घरी चहा झाला होता."

बघ आजी. दोन वर्षं तू त्या ताटाचं दुःख करत होतीस.

मी विचारलं, हे मला तेव्हाच का नाही कळवलंत? त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "ते कळवायचं तर आधी माझं बोललेलं काढावं लागलं असतं."

"मग आता काढा."

ते थांबले. रस्त्याच्या मध्ये, पिशवी दोन्ही हातांनी धरून. "वाईट बोललो," म्हणाले. "तुझ्या कामाला नावं ठेवली. तू जाते आहेस ते मला बघवत नव्हतं, म्हणून कामाला नावं ठेवली." आणि त्याच दमात, "इकडे हो, सायकल येते आहे."

सायकल खरंच येत होती. मी इकडे झाले. एवढंच झालं. पुढचं सगळं तुझ्या डोळ्यांसमोर झालं, ते कवळ्या घेऊन आलेले एकोणतीस लोक, डॉक्टरांची खुर्ची, आणि बाबा माझ्या टेबलापाशी दिवसभर दिवा धरून उभे. मी म्हटलं बसा, तर म्हणाले, उजेड हलेल.

आता मला सांग, मी आल्यावर ते कसे आहेत? जेवतात का? पत्रक बंद होणार म्हणून खचले नाहीत ना? विचारायला धीर होत नाही म्हणून तुला विचारते.

मुंगी


दि. ७ ऑगस्ट

तू गेलीस आणि इथे जो गोंधळ माजला त्याचा जाब आधी दे. शिट्टीवाले सर आणि शिवणक्लासवालीचा नवरा यांच्या कवळ्यांची अदलाबदल झाली. वाटीवर चिठ्ठ्या मी लावल्या होत्या, पण पाण्याने सुटल्या, त्याला मी काय करू? डिंक तुझ्या बापाचा. चौथ्या दिवशी उलगडा झाला, तेव्हा दोघंही परत द्यायला तयार नाहीत. पूर्वीपेक्षा बरी बसते म्हणतात. डॉक्टरांनी दम भरून बदलायला लावली.

मुंगे, अनेक आशीर्वाद.

शेवटचा अंक निघाला, तुला मिळालाच असेल. तुझ्या शिबिराची बातमी पहिल्या पानावर आहे, त्याने चार ओळींत उरकली आहे. "उपस्थिती एकोणतीस. डॉक्टर व तंत्रज्ञ यांचे आभार." मी म्हटलं, पोटच्या मुलीचं अजून दोन ओळी तरी लिही. म्हणाला, बातमीत घरचं माणूस आणायचं नसतं. समितीच्या लोकांनी त्याला निरोप म्हणून एक शाई भरायचं पेन दिलं. छापखानेवाल्याला पेन! तो "हं" म्हणाला आणि खिशाला लावलं.

विचारतेस कसा आहे. जेवतो. पण सोमवारी, नवीन अंकाची जुळणी सुरू व्हायची ती तारीख, सकाळी उठून शर्ट घालून छापखान्यात जाऊन बसला. करायला काही नाही. टायपिंगवालीला त्याने बँकेत चिकटवून दिलं, तीही नाही. मी दुपारी डबा घेऊन गेले तर टेबलावर कोरे कागद आणि हातात ते पेन. मला बघून त्याने हात आडवा धरला, शाळेतल्या पोरासारखा. मी म्हटलं, "काय लिहितोस?" म्हणाला, "बातम्या." "कुठे छापणार?" तर पेन झटकायला लागला.

संध्याकाळपर्यंत चार पानं भरली. दोन्ही बाजूंनी. मी म्हटलं, आण इकडे, बोट फिरवते. कागद घट्ट धरून म्हणाला, "नको आई. राहू देत चुका."

मुंगे, त्या माणसाने आयुष्यात एक कागद मला न दाखवता घराबाहेर जाऊ दिलेला नाही. आणि मी पहिल्यांदाच अर्थ वाचायला बसले होते.

मग मी म्हटलं, बरं, माझ्या पाकिटात घाल, एकाच माणसाला जायचंय, तिकीट वाया कशाला. तर नाही म्हणाला. वेगळं पाकीट केलं, स्वतः चालत समोरच्या पोस्टात गेला, खिडकीपाशी वजन करून घेतलं. पत्ता या वेळी पट्टी न लावता लिहिला होता. वाकडा. मी घराच्या खिडकीतून सगळं बघितलं. परत आला तेव्हा पेटीत पडलं की नाही हे बघायला पुन्हा मागे गेला. साठीच्या घरातला माणूस पेटीच्या फटीत डोळा लावून उभा, आणि समोरून शिट्टीवाले सर विचारतात, "काही हरवलं का छापखानेवाले?" हा म्हणाला, "नाही, टाकलंय."

त्याचं पाकीट तुला उद्या-परवा मिळेल, कदाचित माझ्या आधी. आत काय आहे ते मला कळवू नकोस. जाड आहे एवढं मला पुरे.

आता नीट ऐक. त्याच्या पत्राला उत्तर तू द्यायचंस, आणि आधी त्यालाच. त्याच्या नावाने, वेगळ्या पाकिटात, चार पानांपेक्षा कमी नाही. "आजीला सांगा" असा शब्द त्यात आला तर मी तुझी नाही. माझ्या पत्राला तू महिन्याने लिहिलंस तरी मी मरत नाही, पण चुकून आधी मला लिहिलंस, तर न उघडता परत पाठवीन.

आजी